हार्मनी ग्रोव्हची सभा: बेंडर खून-प्रकरणावर स्वतंत्र वेस्टर्न उभारताना

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेत राहणारे दोघे मराठी मित्र कॅन्ससमधल्या बेंडर कुटुंबाच्या खूनसत्रावर स्वतंत्र वेस्टर्न चित्रपट करू पाहताहेत. खर्चाची मर्यादा साधारण सहा लाख डॉलर. हातात अजून पटकथा नाही. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पुस्तकाचे हक्क विकत घ्यावे लागतील का, सुरुवात कुठून करायची आणि पडद्यावर खून किती दाखवायचे?

आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकीची तयारी त्यावरच ठरते. खून कमीत कमी दाखवा. चित्रपटाचा कणा खुनात नाही, शाळेतल्या एका सभेत आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅन्ससच्या आग्नेय कोपऱ्यातली लबेट काउंटी, ओसेज मिशनहून इंडिपेंडन्सला जाणारा रस्ता. १८७१ च्या सुमारास या रस्त्याकाठी चौघांनी बस्तान बसवलं: म्हातारा जॉन बेंडर, त्याची बायको, तरुण जॉन आणि केट. एकाच खोलीचं लाकडी घर, साधारण १६ फूट बाय २४ फूट. मधोमध गाडीच्या छताच्या कॅनव्हासचा पडदा. पुढे वाटसरूंना जेवण आणि किरकोळ सामान, मागे त्यांचं राहणं. केट मृतात्म्यांशी बोलते, आजार बरे करते अशी जाहिरात करायची. वाटसरू गायब होऊ लागले. १८७२-७३ च्या हिवाळ्यात जॉर्ज लाँगकोर आपल्या लहानग्या मुलीसह नाहीसा झाला. त्याचा माग काढायला निघालेले डॉ. विल्यम यॉर्क मार्च १८७३ मध्ये परत आलेच नाहीत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेंडरांच्या फळबागेत प्रेतं सापडली, पहिलं डॉ. यॉर्क यांचं. तोवर चौघे पसार झाले होते. गव्हर्नर थॉमस ऑस्बोर्न यांनी चौघांवर मिळून २,००० डॉलरचं बक्षीस लावलं. ते कधीच पकडले गेले नाहीत.

आता सभा. डॉ. यॉर्क यांचे भाऊ कर्नल अलेक्झांडर यॉर्क राज्याच्या सिनेटचे सभासद होते. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी सिनेटर पॉमरॉय यांनी दिलेल्या लाचेचे पैसे भर सभागृहात मांडून त्यांनी खळबळ उडवली होती. एवढ्या वजनाच्या माणसाचा भाऊ हरवला म्हणून शोध जोरात सुरू झाला. त्याआधी हरवलेल्यांसाठी असं कुणी हललं नव्हतं. एप्रिलच्या आरंभी हार्मनी ग्रोव्हच्या शाळेत टाउनशिपची, म्हणजे काउंटीतल्या स्थानिक प्रभागाची, सभा भरली. सुमारे ७५ माणसं जमली. दोन ओढ्यांच्या मधल्या एकूण एक घराची झडती घ्यायची असं ठरलं. त्या ७५ जणांत दोघे बेंडरही बसले होते, म्हातारा आणि तरुण.

एवढं हाती असताना पटकथा केटच्या डोळ्यांत आणि हातोड्याच्या घावात घालवणं म्हणजे सोन्याची खाण सोडून रेती उपसणं. एक खोली, कंदिलाचा उजेड, प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतोय, आणि ज्यांनी हे केलं ते मान हलवून झडतीला संमती देताहेत. यात घोडा लागत नाही, गोळी लागत नाही, आणि सहा लाखांत ही गोष्ट मोठ्या स्टुडिओइतकीच चांगली होऊ शकते. या सभेला पटकथेची १५ ते १८ पानं द्या आणि ती मध्यापाशी ठेवा. पहिल्या भागात लोकांना जे खटकलं पण बोललं गेलं नाही ते पेरायचं, दुसऱ्या भागात रिकामं घर आणि बाग.

पटकथेच्या आधी तीन रकान्यांची वही करा. पहिल्या रकान्यात त्या वेळी नोंदलेलं: तारीख, कुणी सांगितलं, कुठे छापलं. दुसऱ्यात नंतर आठवून सांगितलेलं. तिसऱ्यात अनुमान. ही वही भरली की धक्का बसतो, कारण सगळ्यांना 'माहीत असलेली' गोष्ट बहुतेक तिसऱ्या रकान्यात जाते. पाहुण्याला पडद्याला पाठ लावून बसवायचे, मागून हातोडा घालायचे, तळघराच्या झडपेतून खाली ढकलून गळा चिरायचे, ही पद्धत जखमांवरून, घराच्या रचनेवरून आणि आम्ही तिथून सुटलो म्हणणाऱ्यांच्या नंतरच्या बोलण्यावरून जुळवलेली आहे. खुनाचा साक्षीदार नाही, कबुलीजबाब नाही. चौघे खरोखर एका कुटुंबातले होते का, यावरही वाद आहे. जॉन आणि केट बहीणभाऊ की नवराबायको, हे पटकथेत ठासून सांगू नका. शेजाऱ्यांना जेवढं कळत होतं तेवढंच प्रेक्षकाला कळू द्या.

साधनं कुठे मिळतील? १८७३ ची वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या डिजिटल संग्रहात आणि टोपेकातल्या कॅन्सस हिस्टॉरिकल सोसायटीत. गव्हर्नरची घोषणा राज्याच्या दफ्तरात. चेरीव्हेलच्या संग्रहालयात या प्रकरणातले म्हणून जपलेले तीन हातोडे आहेत. ते बघायला जाच, कारण कला-दिग्दर्शक नुसत्या कल्पनेवर नेहमी गरजेपेक्षा मोठा हातोडा करतो. शोधताना एक काळजी घ्या. त्या काळचे बातमीदार नावं ऐकतील तशी लिहायचे. लाँगकोर हे आडनाव किमान तीन तऱ्हांनी छापलेलं दिसतं. एकाच स्पेलिंगने शोधलंत तर निम्म्या बातम्या निसटतील. शोध नावाने न करता गावाने आणि तारखेच्या पट्ट्याने करा: एप्रिल ते जुलै १८७३, पार्सन्स, थेयर, इंडिपेंडन्स, फोर्ट स्कॉट. आणि पार्सन्सची बातमी शिकागोत पोचेपर्यंत तिला शेपूट फुटलेलं असतं, म्हणून दोन बातम्या जुळत नसतील तर जवळच्या गावचं पत्र धरा.

दंतकथा इथे भरपूर आहेत. आम्ही त्यांना गाठून मारलं, असं सांगणारी माणसं पुढची कित्येक वर्षं निघत राहिली. पुरावा एकाचाही नाही. लहान मुलांसाठी त्या भागातल्या बालपणाच्या गोष्टी लिहिणाऱ्या एका प्रसिद्ध लेखिकेने १९३७ च्या भाषणात आपले वडील बेंडरांच्या पाठलागात होते असं सूचित केलं. पण तिचं कुटुंब १८७१ मध्येच कॅन्सस सोडून गेलं होतं. तारखा जुळवल्या की दंतकथा आपोआप गळून पडते. १८८९ मध्ये मिशिगनहून दोन स्त्रियांना बेंडर मायलेकी म्हणून धरून आणलं आणि काही महिन्यांनी सोडून द्यावं लागलं. दुसरा चित्रपट करायची वेळ आली तर त्यासाठी हा उत्तम विषय. या चित्रपटात तो कोंबू नका.

हक्कांबद्दल. घडलेल्या गोष्टीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. लेखकाने ती ज्या शब्दांत मांडली, जे संवाद रचले, जी कल्पित पात्रं घातली, त्यावर असतो. १८७३ ची वर्तमानपत्रं खुली आहेत. अमेरिकेत छापल्याला ९५ वर्षं उलटून गेली की पुस्तकही खुलं होतं, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे आणि विसाव्याच्या आरंभीचे काउंटी-इतिहास तुम्ही निर्धास्त वापरू शकता. धोका अलीकडच्या पुस्तकांत आहे. चांगला लेखक दोन नोंदींमधली पोकळी कल्पनेने भरतो आणि वाचताना सांधा दिसत नाही. पटकथालेखक तो प्रसंग 'इतिहास' म्हणून उचलतो आणि नोटीस येते ती चित्रपट विकायच्या वेळी. म्हणून नियम करा: नव्या पुस्तकातून दिशा घ्यायची, प्रसंग मूळ नोंदीत सापडला तरच वापरायचा. एखाद्या नव्या पुस्तकाची रचनाच तुम्हाला हवी असेल तर मात्र ऑप्शन घ्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत हक्क विकत घेण्याचा अधिकार थोड्या रकमेत राखून ठेवा. १२ ते १८ महिन्यांची मुदत, एकदा वाढवण्याची सोय आणि ऑप्शनची रक्कम खरेदी-किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास, असा साधारण रिवाज आहे. छोट्या निर्मात्यांना त्याहून कमीतही मिळतो.

अमेरिकी कायद्यात मृत व्यक्तीची बदनामी होत नाही, तेव्हा बेंडरांचे वंशज दावा लावतील ही भीती सोडा. पण शेजाऱ्यांपैकी कुणाला नाव घेऊन सामील दाखवणार असाल तर थांबा. रुडॉल्फ ब्रॉकमन नावाचा शेजारी दुकानदार बेंडरांच्या ओळखीचा, म्हणून प्रेतं सापडल्यावर चवताळलेल्या जमावाने त्याला फासावर टांगलं, शुद्ध हरपल्यावर उतरवलं, उलटतपासणी केली, आणि हाती काही लागलं नाही म्हणून सोडून दिलं. जमावाने त्याच्यावर एकदा अन्याय केला. दीडशे वर्षांनी तुमच्या पटकथेने तो पुन्हा करू नये. उलट हा प्रसंग चित्रपटात असायलाच हवा. सभेत जे लोक खुनी शेजारी असूनही गप्प बसले, तेच आता निरपराधाच्या गळ्यात दोर घालतात. तिसऱ्या अंकाचं खरं वजन इथे आहे.

आता एक कंटाळवाणं पण जीव वाचवणारं काम: टिपांसह पटकथा. वितरक चित्रपट घेताना एरर्स अँड ओमिशन्स नावाचा विमा मागतो, हक्कभंगाचे किंवा बदनामीचे दावे आले तर संरक्षण देणारा. नेहमीची मर्यादा एका दाव्याला १० लाख डॉलर, सगळे मिळून ३० लाख. विमा कंपनीचा वकील पटकथेच्या प्रत्येक पात्रापुढे आणि प्रत्येक प्रसंगापुढे विचारतो: हे खरं, दोन-तीन खऱ्या माणसांचं मिळून केलेलं, की कल्पित? खरं असेल तर आधार काय? वहीचे तीन रकाने आधीच भरलेले असले तर हे काम चार दिवसांचं. नसले तर चित्रीकरणानंतर महिनाभर जुन्या पत्रांत डोकं घालून बसावं लागतं, आणि तेव्हा सापडलेली चूक कापता येते, दुरुस्त करता येत नाही. पटकथेच्या समासात क्रमांक टाकत जा, वहीत त्याच क्रमांकाने नोंद. 'सत्य घटनेवर आधारित' असं लिहिणार असाल तर वकिलाला आधी दाखवा. 'सत्य घटनेवरून सुचलेलं' म्हणण्यात जास्त मोकळीक मिळते.

याच फाइलमध्ये मालकीहक्काची साखळी ठेवा. पटकथा कुणी लिहिली, कुणाकडून कंपनीकडे आली, सह्या कधी झाल्या. दोघे मित्र मिळून लिहिताना इथेच घोटाळा होतो. 'आपण काय परके आहोत का' म्हणत कागद केला जात नाही. पहिलं पान लिहायच्या आधी दोघांनी आपले हक्क कंपनीच्या नावे करून द्यायचे, मोबदला आणि श्रेयनामावली ठरवायची. तिसऱ्या कुणी एक प्रसंग जरी लिहून दिला, तरी त्याची सही घ्यायची. शीर्षकाचा आणि कॉपीराइटचा शोध-अहवाल मागवायचा, तो विम्यालाही लागतो.

पटकथा ९५ पानांची धरा आणि चित्रीकरण २२ दिवसांचं. वाटणी साधारण अशी बसते: घर ३५ पानं आणि ८ दिवस, शाळा १८ पानं आणि ४ दिवस, रस्ता आणि माळरान २० पानं आणि ५ दिवस, फळबाग १२ पानं आणि ३ दिवस, उरलेलं १० पानं आणि २ दिवस. दिवसाला सरासरी सव्वाचार पानं. घोडे आणि गाड्या असलेल्या दिवशी चारच धरली आहेत, तीही दमछाक करतात. पहिला मसुदा या वाटणीत बसत नसेल तर ठिकाणं कमी करा, दिवस वाढवू नका.

घराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळा चित्रपट या ३८४ चौरस फुटांत उभा राहतो. खरं माप सोडू नका. कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून घर दीडपट मोठं केलं की भीती निघून जाते. माप तेच ठेवा आणि भिंती काढता-घालता येतील अशा करा, निदान लांबीच्या दोन. छताचे वासे सुटे. जमीन उंचावर बांधा, म्हणजे झडप खरी उघडते आणि खाली कॅमेरा ठेवता येतो. खोल तळघर वेगळ्या जागी बांधा.

आणि पडदा. कागदावर 'कॅनव्हासमागे हातोडा घेऊन उभा' लिहिणं सोपं आहे. सेटवर मात्र पहिल्याच दिवशी कळतं की दिवा कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. दिवा पडद्यामागे असेल तर मागच्या माणसाची सावली कापडावर पडते आणि जेवणारा ती बघतो. दिवा पुढे, टेबलावर असेल आणि मागे मिट्ट काळोख असेल, तर पुढून कापड भिंतीसारखं दिसतं, पण मागून बघणाऱ्याला पाहुण्याची आकृती कापडावर उमटलेली दिसते. तो मागे रेलला की डोक्याचा फुगवटाही येतो. म्हणजे मारणारा बघू शकतो, मरणारा नाही. ही एक गोष्ट कॅमेऱ्याने नीट दाखवली तर घाव दाखवायची गरजच पडत नाही. यासाठी कापडाची चाचणी विकासाच्या, म्हणजे पटकथेच्या आणि पैसे उभारण्याच्या, टप्प्यातच करा: ८, १० आणि १२ औंस वजनाचं न रंगवलेलं सुती कॅनव्हास, प्रत्येकी चार वार, पॅराफिनच्या कंदिलात मंद एलईडी. जाड कापडातून आकृती दिसत नाही, पातळ कापडातून दोन्ही बाजूंना दिसते. शिवाय कोरं कापड फार पांढरं येतं. ते चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, टेबलाच्या उंचीवर तेलकट हातांनी मळवा. माणसांची डोकी जिथे टेकत असतील तिथला डाग प्रेक्षकाला आपोआप दिसेल. ही चाचणी चित्रित करून दीड मिनिटाची फीत केलीत तर गुंतवणूकदाराला दाखवायला तीच पुरे.

काळाच्या चुका वेस्टर्नमध्ये बंदुकीपासून सुरू होतात. वसंत १८७३ मध्ये कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या कमरेला कोल्टचं नवं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर नसतं. सैन्याचा पहिला करारच त्या वर्षीच्या उन्हाळ्यातला. ७३ ची विंचेस्टरही त्याच्या हातात नसते. त्याच्याकडे यादवी युद्धातून उरलेलं, ठिणगीसाठी धातूची टोपी बसवावी लागणारं जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर, जुनी रायफल किंवा दुनळी असते, आणि पुष्कळदा काहीच नसतं. काटेरी तार दिसता कामा नये, ग्लिडनचं पेटंट नोव्हेंबर १८७४ चं. लोकेशन बघताना ही तार सगळ्यात जास्त त्रास देते, कारण आज माळावर प्रत्येक कुंपणाला ती आहे. गरिबाच्या शेतावर पोलादी पवनचक्कीही नको. लाल खडक आणि निवडुंग तर अजिबात नकोत. हा उंच गवताचा प्रदेश आहे.

गवताचं वेळापत्रक पटकथेत उतरवा. बिग ब्लूस्टेम सप्टेंबरात सहा-आठ फुटांपर्यंत जातं, माणूस घोड्यावर बसलेला असला तरी अर्धा बुडतो. वसंतात माळ जाळतात, मग काळी जमीन आणि तिच्यातून फुटणारा कोवळा हिरवा. मार्च ते मे मधली गोष्ट तुम्ही सप्टेंबरात चित्रित केलीत तर जाणकार प्रेक्षक पहिल्या चौकटीतच हसेल, आणि बागेतला शोधही पटणार नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या अखेरीपर्यंतचा काळ धरा. मात्र हा वादळांचा हंगाम आहे, म्हणून २२ दिवसांपैकी निदान पाच दिवसांना छपराखालचं पर्यायी काम ठरवून ठेवा. घर आणि शाळा कोठारात बांधली असतील तर ते जमतं. पाऊस तसा तुमच्या बाजूचा आहे. घर रिकामं पडल्याचं एका गुराख्याला बेंडरांची उपाशी जनावरं पाहून कळलं, तरी खराब हवेमुळे तपास काही दिवस लांबला, हे नोंदलेलं आहे. माळावरच्या वाऱ्यासाठी ध्वनिमुद्रकाकडे मायक्रोफोनची चांगली केसाळ आवरणं हवीत, आणि बाहेरच्या संवादांपैकी काही पुन्हा डब करायचे पैसे आधीच बाजूला काढा.

जागा कुठली? मूळ जागेवर आज शेती आहे आणि ती खासगी मालकीची आहे. परवानगीवाचून पाऊल टाकू नका. दक्षिणेला लागून ओक्लाहोमा आहे. तिथे पॉहस्काजवळ उंच गवताचं मोठं राखीव माळरान आहे आणि त्याच्या आसपास खासगी रँचेस. राज्य चित्रपटांच्या पात्र खर्चावर २० टक्क्यांपासून रोख परतावा देतं, अटी पाळल्या तर ३० पर्यंत. न्यू मेक्सिको २५ ते ४० टक्के करपरतावा देतं, पण तिथे हे गवत नाही, आणि या गोष्टीत गवत हे पात्र आहे. परताव्याचा हिशेब करताना सगळ्यांची चूक एकच असते: तो पैसा हातात असल्यासारखा बजेटमध्ये धरतात. तो चित्रीकरणानंतर, हिशेब-तपासणी झाल्यावर, काही महिन्यांनी येतो. अर्ज चित्रीकरणाच्या आधी मंजूर हवा. मधल्या काळासाठी कर्ज काढलं तर व्याज आणि शुल्क जातं, म्हणून येणाऱ्या परताव्यापैकी ८० टक्केच हाताशी धरा.

जमिनीबद्दल एक गोष्ट पटकथेत हवीच. ही जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची होती. १८७० च्या कायद्याने त्यांना कॅन्ससमधून हलवलं आणि ते दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात गेले. बेंडर आले ते या नुकत्याच रिकाम्या केलेल्या मुलखात. म्हणूनच कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि हरवलेला माणूस 'पुढे गेला असेल' म्हणून विसरला जात होता. टाउनशिपचं नावही ओसेजच. ओसेज पात्र घालणार असाल तर पॉहस्कात ओसेज नेशनचं भाषाविभागासह कामकाज चालतं. मसुदा त्यांना चित्रीकरणाच्या महिनाभर आधी नव्हे, तर प्रसंग बदलता येतो तेव्हा दाखवा. पात्र घालणार नसाल तर उजाड वस्तीच्या खुणा, जुनी पायवाट, एवढं तरी दिसू द्या.

घोडे. प्रत्येक घोड्यामागे माणूस, गाडी, चारा, सावली आणि विमा येतो. मूळ नोंदीत शोधपथक मोठं होतं, तुम्ही पाच स्वार आणि दोन जुंपलेल्या गाड्यांवर भागवा. धूळ, आवाज आणि गवताआडून दिसणारी खोगिरं बाकीचं काम करतात. थेयरजवळ बेंडरांची सोडून दिलेली गाडी आणि उपाशी जनावरं सापडली होती. हा प्रसंग जवळून, शांतपणे घ्या. घोडी लंगडताना दाखवायची तर शिकवलेलं जनावर आणि प्राणी-कल्याणाचा प्रतिनिधी हवा, आणि तारीख त्याच्या सोयीने.

सभेला ७५ माणसं लागत नाहीत. ३५ पुरतात. शाळा लहान बांधा, बाक दाटीने लावा, दारात आणि खिडकीबाहेर माणसं उभी करा. वाचलेले पैसे चेहऱ्यांवर खर्च करा: जर्मन बोलणारी दोन-चार खरी माणसं, उन्हाने रापलेले हात, स्वतःच्या दाढ्या. बेंडर घरात जर्मन बोलायचे, तेव्हा म्हाताऱ्याचं पात्र करणाऱ्याची जर्मन खरी हवी.

पैशाची चौकट. एका चित्रपटापुरती एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढा. ओळखीतल्यांकडूनच पैसे घेणार असाल तर सिक्युरिटीज कायद्यातली नियम ५०६(ब) ची वाट. तिच्यात जाहीर आवाहन चालत नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर 'गुंतवणूक करा' असा निरोप टाकणं हेही जाहीर आवाहन ठरू शकतं, तेव्हा ते करूच नका. पहिला गुंतवणूकदार करारानं बांधला गेल्यापासून १५ दिवसांत फॉर्म डी, म्हणजे अमेरिकी रोखे आयोगाला द्यायची सूचना, भरायचा. जाहीरपणे मागायचं असेल तर ५०६(क). तिथे प्रत्येक जण मान्यताप्राप्त गुंतवणूकदार असल्याची खातरजमा करावी लागते: वैयक्तिक उत्पन्न वर्षाला २ लाख डॉलर, जोडीदारासह ३ लाख, किंवा राहतं घर सोडून १० लाखांची निव्वळ मालमत्ता. भारतातून नातेवाईक पैसे पाठवणार असतील तर माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची उदारीकृत प्रेषण मर्यादा आहे. पण शेअर बाजारात नसलेल्या परदेशी कंपनीतली भागीदारी परदेशातल्या थेट गुंतवणुकीच्या (ओडीआय) नियमांखाली जाते आणि तिचे अर्ज वेगळे, म्हणून तिकडच्या चार्टर्ड अकाउंटंटला आधी विचारा. तुमच्यापैकी कुणी एच-१बी व्हिसावर असेल तर गुंतवणूकदार होता येईल, पण सेटवर उभं राहून दिग्दर्शन करणं हे काम धरलं जातं. हा प्रश्न इमिग्रेशन वकिलाकडे पहिल्याच आठवड्यात न्या.

गुंतवणुकीचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे, ठेवा आणि ठरलेला किमान आकडा, समजा ८० टक्के, जमल्याशिवाय त्याला हात लावू नका. विकासाचा खर्च वेगळा उभा करा, साधारण एकूण बजेटच्या पाच टक्के. ३०,००० डॉलरची वाटणी अशी करता येईल: पटकथा १०,०००, वकील ८,०००, लाइन प्रोड्यूसरकडून (चित्रीकरणाचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणाऱ्याकडून) वेळापत्रक आणि बजेट ४,०००, संशोधन आणि प्रती ३,०००, लोकेशनची पाहणी आणि कॅनव्हासची चाचणी ३,०००, शोध-अहवाल २,०००. वकिलाचा आकडा कापू नका. कापायचाच तर लुकबुकच्या, म्हणजे चित्रपटाचं रूप दाखवणाऱ्या चित्रपुस्तिकेच्या, छपाईचा कापा, पीडीएफ चालते.

नटांसाठी एसएजी-एएफटीआरए या त्यांच्या संघटनेचे कमी बजेटचे टप्पे आहेत: ३ लाखांपर्यंत, ७ लाखांपर्यंत, २० लाखांपर्यंत. तुमचे सहा लाख मधल्या टप्प्यात बसतात. बजेट ७ लाखांच्या पुढे सरकलं तर नटांच्या दरांसकट सगळं बदलतं, म्हणून ही रेषा आकस्मिक खर्च धरून सांभाळा. नावाजलेला नट घ्यायचाच तर कर्नल यॉर्कच्या भूमिकेत, पाच-सहा दिवसांच्या कामासाठी. केटला नवा चेहरा द्या. ओळखीचा चेहरा दिसला की प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून तिच्याकडेच बघत बसतो, आणि शेजाऱ्यांना का दिसलं नाही हा प्रश्नच उरत नाही.

बाग शेवटी. तिथल्या कोवळ्या झाडांमधली जमीन नेहमी नांगरलेली असायची, म्हणून उकरल्याचा संशय कुणाला आला नाही. शोध घेणाऱ्यांना जमिनीत लांबट खळगा दिसला, आणि लोखंडी गज खुपसून बघितल्यावर तो सहज आत गेला. गज आत जाताना हातांना जे कळतं ते चेहऱ्यावर दाखवा, खड्ड्यात कॅमेरा नेऊ नका. लाँगकोरची मुलगी वडिलांसोबत तिथेच सापडली होती. ती कुठल्याही रूपात पडद्यावर नको. खड्ड्याकाठी उभा असलेला माणूस टोपी काढून मागे सरकतो, एवढं पुरे. बळींच्या वंशजांची परवानगी कायद्याने लागत नाही. तरीही पटकथा पक्की झाल्यावर स्थानिक इतिहास मंडळामार्फत पत्र पाठवा: आम्ही हे करतोय, खरी नावं वापरतोय, तुम्हाला काही सांगायचं असेल तर हा पत्ता. उत्तरासाठी निदान दोन महिने ठेवा, म्हणजे पत्र जानेवारीतच जायला हवं.